कोरं की भरलेलं

“शेपूट बाहेर असेल तर कोरा, शेपूट आत गेली असेल तर भरला. डोळ्यांना काय विचारतेस बाई, बोटांना विचार.”

आईचा हा आवाज कुठल्या काळातला! डार्करूमच्या मिट्ट अंधारात, औषधांच्या आंबूस वासात, थोरलीच्या इवल्या तळहातावर फिल्मचा रोल ठेवून आई हे सांगायची. वडील बाहेर फोटो काढायचे, आई आत ते धुवायची. रोल कोरा असला की फिल्मचं टोक डबीबाहेर जीभ काढल्यासारखं लोंबत राहायचं. फोटो काढून झाले की ते आत ओढलं जायचं. अंधारात चाचपलं तरी कळायचं. आत दिवा लावायची सोय नाही, घड्याळ दिसत नाही, म्हणून आई वेळ मोजायची ती गाण्यावर.

अंधाराच्या घरी बाई, दिवा कशाला लावावा
बोटांच्या टोकाशी डोळा, जपून गं ठेवावा

हे गाणं ठरलेल्या वेळा म्हणून झालं की फिल्म औषधातून बाहेर. आईची फिल्म कधी कच्ची राहिली नाही की कधी काळवंडली नाही.

आज थोरलीच्या तळहातावर कॅमेऱ्याची दोन कार्डं होती. टपालाच्या तिकिटाएवढी, काळी, गुळगुळीत. ती बोटांनी चाचपून बघत होती आणि बोटं मुकी झाली होती. कार्डाला शेपूट नसते. कोरं कार्ड काय आणि शंभर माणसं पोटात घेऊन बसलेलं कार्ड काय, वजन तेवढंच, स्पर्शही तोच.

“वन्सं, रिकामं कार्ड द्या लवकर. तिकडे हे नाचतायत नुसते,” भावजय दारातूनच म्हणाली. “काच फुंकणाऱ्यांनी तर कहर केलाय. एकेक जण गाल फुगवतो नि म्हणतो, आणखी एक काढा, आणखी एक काढा.”

“ही दोन्ही भरलेलीच ना गं?”

“मघाशी दिली ती? हो की. एकात पॅकिंगच्या बायका, एकात फुंकणारे. लावलं की दिसेलच.”

“हो, दिसेलच,” थोरली म्हणाली आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

भावजयीचा चेहरा उतरला. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. नणंद बोलायची, पण बोलताना तोंड दुसरीकडे. आपल्याला कामात घेतलं ते वन्संना रुचलं नसणार, अशी तिने मनाशी गाठ मारून ठेवली होती. तिने रिकामं कार्ड उचललं आणि चपलांचा चटचट आवाज करत ती निघून गेली.

काचेचा कारखाना आज बंद होणार होता. संध्याकाळी भट्टी विझायची होती. मालकांनी जाता जाता एक काम चांगलं केलं होतं: प्रत्येकाचा, त्याच्या नेहमीच्या जागेवर, नेहमीचं काम करताना फोटो काढून द्यायचा. ते काम या भावाबहिणीच्या स्टुडिओला मिळालं होतं. धाकटा सकाळपासून भट्टीपाशी कॅमेरा घेऊन उभा होता. त्याच्याकडे चार कार्डं होती. एक भरलं की दुसरं कॅमेऱ्यात घालायचं. भरलेलं भावजयीने हजेरीच्या खोलीत आणायचं, जिथे थोरली टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. थोरलीने ते उतरवून घ्यायचं, एकदा लॅपटॉपवर, एकदा बाहेरच्या डिस्कवर. दोन्हीकडे नीट आलंय असं बघायचं आणि मगच कार्ड पुसून परत पाठवायचं. सोपं काम. सोपं, पण डोळ्यात तेल घालून करायचं.

आणि डोळ्यांचाच तर सगळा घोळ होता.

थोरलीला दिसत नव्हतं असं नाही. कडेचं सगळं दिसायचं: खिडकीची चौकट, टेबलाचा कोपरा, भिंतीवरच्या हजेरीच्या घड्याळाचा पितळी लोलक. पण जिथे नजर लावावी नेमकं तिथलंच नाहीसं व्हायचं, कुणी काचेवर ओला अंगठा फिरवावा तसं. अक्षराकडे बघावं तर अक्षर जायचं, माणसाकडे बघावं तर त्याचं तोंड. म्हणून ती बाजूला बघायची. म्हणजे माणूस नजरेच्या कडेला यायचा आणि थोडासा सापडायचा. लोक म्हणायचे, बाईंना फार शिष्टपणा आहे. म्हणेनात का.

आईचंही असंच सुरू झालं होतं. मग एक दिवस वडिलांनी डार्करूमची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाले, “पुष्कळ केलंस, आता आराम कर.” आईने आराम केला. खिडकीशी बसून, दोन्ही हात मांडीवर, आणि बोटं नसलेली फिल्म नसलेल्या चक्रावर गुंडाळत राहिलेली. थोरलीने ती बोटं बघितली होती. घरात आराम करणं म्हणजे काय, ते तिला पुरतं ठाऊक होतं. लग्न केलं नाही, वेगळा संसार मांडला नाही. तिचा चूल-पोळपाट काय तो हा स्टुडिओ. धाकटा अलीकडे बोलता बोलता म्हणायचाच, “ताई, नवीन कॅमेरा आला की फोटो थेट कॉम्प्युटरवर. मग तू घरी निवांत.” निवांत हा शब्द ऐकला की तिच्या मांडीवरची बोटं आपोआप मुठीत जायची.

म्हणून तिने आपली युक्ती काढली होती. अंगातल्या झब्ब्याचा उजवा खिसा भरलेल्या कार्डांचा, डावा रिकाम्यांचा. लॅपटॉपवर काय कुठे आहे ते तिने जागेवरून पाठ केलं होतं. वरची पट्टी, डावीकडचं पिवळं फोल्डर, उतरवून झालं की मधोमध येणारी पांढरी चौकट, तिच्यातलं उजवीकडचं बटण दाबायचं. वाचायचं कशाला? अंधाराच्या घरी दिवा कशाला लावावा?

तिने एक कार्ड लावलं. निळी रेघ सरकत गेली, तिच्या नजरेच्या कडेला. चौकट आली, उजवं बटण दाबलं. डिस्कवर उतरवलं, पुन्हा उजवं बटण. कार्ड काढून टेबलावर ठेवलं, दुसऱ्याच्या शेजारी, आणि तेवढ्यात दारात मोठी सावली पडली.

“फोटोवाल्या बाई तुम्हीच का?”

“मीच. या.”

“मला इथे गालफुग्या म्हणतात. खरं नाव आईबापांनी ठेवलं होतं, पण ते कधीच फुटलं काचेसारखं.” म्हातारा खो खो हसला. हसताना त्याच्या छातीतून नळीतली हवा वाजावी तसा आवाज आला. “आज माझी शेवटची बाटली फुंकली. तुमच्या भावाने फोटो काढला. नीट आलाय का तेवढं बघायचं होतं.”

“आत्ताच नाही दाखवता येणार हो. उतरवतेय.”

“उतरवा, उतरवा. घाई नाही. आयुष्य गेलं बाई, कुणी फोटो काढायला आलं की मला म्हणायचं, तू बाजूला हो, तुझं तोंड फुगलंय. अहो, तोंड फुगलं नाही तर बाटली कशी फुगायची? नात विचारते, आजोबा, तुम्ही तिकडे करता काय? म्हटलं, फुंकर घालतो. तर म्हणते, त्याचे पैसे मिळतात?” तो पुन्हा हसला आणि मग जरा थांबून म्हणाला, “तेवढा एक फोटो तिला द्यायचाय. गाल फुगलेला. आता पुन्हा कुठे फुगणार?”

“जेवणानंतर या. दाखवते.”

तो गेला. थोरलीने टेबलावरचं कार्ड उचलून लावलं. निळी रेघ आली का? तिला वाटलं, आली नाही. चौकट मात्र आली, आणि जरा मोठी आली, नेहमीपेक्षा जास्त मजकूर पोटात घेऊन. थोरली खुर्चीत पुढे झुकली. मजकूर पुसट झाला. मागे सरकली, मान वळवून कडेने बघितलं. मुंग्यांची रांग. असेल काहीतरी. उजवं बटण दाबलं. मग रेघ आली, सरकत गेली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. डिस्कवर उतरवताना पुन्हा तीच मोठी चौकट. पुन्हा उजवं बटण. दोन्ही कार्डं उतरली म्हणून तिने दोन्ही पुसली आणि डाव्या खिशात टाकली.

जेवणाची शिट्टी झाली. शिट्टी वाजून पुरती विरलीही नसेल, तोच गालफुग्या हजर. त्याच्यामागून ताक ढवळल्यासारखी गडबड करत भावजय नवं भरलेलं कार्ड घेऊन आली आणि ते उतरून, पुसून डाव्या खिशात जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली.

“दाखवा बाई आमचा मुखडा.”

थोरलीने हिशेब केला. आधी पॅकिंगच्या बायका, त्यापुढे फुंकणारे. पिवळं फोल्डर उघडलं, खाली खाली गेली. नजरेच्या कडेला नारिंगी उजेड होता, माणसाचं एक तोंड होतं, गोल. तिने तो फोटो मोठा केला.

“हे बघा. कसा झकास आलाय. गाल तर असे फुगलेत की बास.”

म्हातारा पडद्याजवळ वाकला.

“बाई,” तो म्हणाला, “मी एवढा देखणा कधी होतो? आणि कानात डूल?”

भावजय पुढे आली. पडद्यावर पॅकिंगमधली एक गोल चेहऱ्याची बाई, मागे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग, हसून गाल वर आलेले.

“चुकून... पुढचा असेल,” थोरली म्हणाली. पुढचा उघडला. “हा?”

“ह्या दुसऱ्या बाई.”

“हा?”

“बाई, तुम्ही माझी चेष्टा करताय का?” म्हातारा हसतच म्हणाला, पण हसू आता अडखळत होतं. त्याला कळेना की रागवावं की काय करावं. थोरलीलाही कळेना. तिने तर दोन्ही कार्डं उतरवली होती. रेघ दोनदा सरकली होती. की तीनदा? दुसऱ्यांदा लावलं ते दुसरंच होतं ना? टेबलावर दोन होती. एक काढून ठेवलं. मग हा आला. मग उचललं. कुठलं उचललं? एकच दोनदा तर नाही? डोक्यात सकाळ पुन्हा पुन्हा फिरू लागली, गाळात रुतलेल्या चाकासारखी, जागच्या जागी.

तेवढ्यात धाकटा घाम पुसत आला.

“काय झालं?”

“फुंकणारे सापडत नाहीयेत,” भावजय म्हणाली.

त्याने लॅपटॉप ओढून घेतला. फोल्डरं उघडली, मिटली. डिस्क बघितली. “बायका आहेत. फुंकणारे नाहीत. इथेही नाहीत. तिथेही नाहीत. ताई, हे कसं?”

“मला तरी काय कळतंय? मी उतरवलं होतं.”

“उतरवलं असतंस तर असतं ना! पुन्हा काढायचे म्हटलं तर वितळलेली काच सोडून दिली भट्टीतून. आता काय फुंकणार ते, वारा?” तो मटकन खुर्चीवर बसला. मग एकदम उठला. “थांब. पुसलेलं असलं तरी दुरुस्तीवाला काढून देतो. फक्त त्याच्यावर नवीन काही काढलेलं नको. एकदा वर दुसरे फोटो चढले की संपलं. फुंकणारे कुठल्या कार्डात होते? नंबर सांग.”

थोरलीने डाव्या खिशातली कार्डं टेबलावर ओतली. प्रत्येकावर धाकट्याने बारीक अक्षरात नंबराची चिठ्ठी चिकटवलेली. तिला तीन काळे तुकडे दिसले, आणि त्यांच्याकडे बघितलं की तेही नाहीसे होत होते.

“नंबर, ताई.”

नाही माहीत, म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरं आलं असतं: माहीत कसं नाही? लिहिलंय ना? आणि त्याच्या मागोमाग खिडकी, खुर्ची आणि मांडीवरचे दोन हात.

“दोन,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

धाकट्याने दोन नंबरचं कार्ड उचलून शर्टाच्या खिशात घातलं आणि वरून थोपटलं. त्याच्या तोंडावर जरा रंग आला. “ताई दोन म्हणाली म्हणजे दोन. बाबा, तुमचा फोटो मिळेल, काळजी करू नका.” गालफुग्याने मान डोलावली. मग धाकटा बायकोकडे वळला, आणि आवाज चढला. “दोन कार्डं एकदम आणायला कुणी सांगितलं होतं तुला? एकेक आण म्हटलं होतं की नाही? वाटेत तूच काहीतरी उलटंसुलटं केलंस. माणसाने काम करताना लक्ष तरी द्यावं! उद्यापासून घरी बस तू.”

दारापाशी दोन-चार कामगार घुटमळत होते, ते दुसरीकडे बघू लागले.

भावजयीने तोंड उघडलं. थोरलीने टेबलाची कड धरली. आता ही म्हणेल, मी नीट आणली होती; वन्संनी बाईचा फोटो दाखवून म्हाताऱ्याला मुखडा म्हणून सांगितलं. डोळे फुटलेत का त्यांचे? म्हणेल. म्हणावंच तिने.

“असेल,” भावजय म्हणाली. “माझंच चुकलं असेल.”

धाकटा पाय आपटत गेला. गालफुग्याही हळूच निघाला, जाता जाता म्हणाला, “जाऊ द्या पोरी, काच फुटली की दोष नेहमी शेवटी हात लावणाऱ्यालाच.”

दोघीच उरल्या. भावजय टेबलावरची उरलेली कार्डं गोळा करू लागली.

“तू का घेतलंस अंगावर?” थोरलीने विचारलं. खिडकीकडे बघत.

भावजय तिच्या समोर आली नाही. हळूच बाजूला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, नेमकी तिथे जिथे थोरलीची नजर होती त्याच्या जरा अलीकडे. आणि थोरलीला ती दिसली. कपाळावर चिकटलेले केस, ओले डोळे.

“मला वाटायचं, वन्सं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत,” ती म्हणाली. “मूर्ख मी.”

“काय बडबडतेस?”

“काही नाही. काही सांगायचं आहे का मला?”

“मला काय सांगायचं असणार!” थोरली ठसक्यात म्हणाली. भावजयीने दोन्ही कार्डं तिच्या हातात ठेवली आणि ती गेली. तिच्या चपलांचा या वेळी आवाज झाला नाही.

दुपार कशी गेली ते थोरलीला कळलं नाही. भावजय येत होती, पण आता रिकाम्या हाताने. धाकटा कॅमेऱ्यातलं कार्डच पुरवून पुरवून वापरत होता. डाव्या खिशात दोन कार्डं होती. त्यातलं एक कदाचित दुपारचं, उतरवून पुसलेलं, निर्धोक. दुसरं? दुसऱ्यात बायका होत्या, किंवा दुसऱ्यात गालफुग्या होता, तोंडाला नळी लावून, गाल फुगवून, नातीसाठी. ती खिशात हात घालायची, दोन्ही चाचपायची. शेपूट बाहेर की आत? बोटं गप्प. आई गं, हे कसलं तुझं गाणं, तिच्या मनात आलं. बोटांना डोळे असतात ते बोलणाऱ्या वस्तूंपुरते. ही मेली वस्तू बोलतच नाही.

आणि ते ‘दोन’ कुठून आलं तोंडात? एक का नाही, चार का नाही? दोन कार्डं होती, म्हणून? ती स्वतःलाच विचारत राहिली, आणि उत्तर पडद्यावरच्या अक्षरांसारखं, बघावं तिथून सरकत राहिलं.

ऊन उतरणीला लागलं तशी माणसं भट्टीच्या हॉलकडे निघाली. भावजय आली. “सगळ्यांचा एकत्र फोटो आहे. भट्टी विझवायच्या आधी. यांचं कार्ड भरलं. रिकामं मागितलंय.” आणि मग, हात पुढे न करता, “मी नेऊ, की तुम्ही?”

थोरली उठली. “मी नेते.”

हॉल गरम होता, एखाद्या जनावराच्या पोटात शिरल्यासारखा. भट्टीचं तोंड नारिंगी. तिच्यापुढे रांगा: खाली बसलेल्या बायका, मागे उभे पुरुष, मुंडकी, खांदे, कुजबुज, “अरे तुझं टक्कल चमकतंय, मागे हो” असली थट्टा. त्यांची तोंडं ती बघेल तिथून विरघळत होती. पण रांगेच्या कडेला, भट्टीचा गॅस बंद करायच्या चाकावर हात ठेवून, गालफुग्या उभा होता आणि तो कडेला होता म्हणून स्पष्ट दिसत होता. त्याने तिला पाहून गाल फुगवले. टम्म. आणि सोडले.

धाकट्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं होतं. न बघताच त्याने हात मागे केला, लहानपणी रस्ता ओलांडताना करायचा तसा. “ताई, कार्ड.”

तिने खिशातून दोन्ही काढली आणि मूठ मिटली.

“यातलं एकही घालू नकोस.”

“का? रिकामी नाहीत?”

“रिकामी आहेत. म्हणूनच नको.”

“ताई, कोडी नको घालूस. माणसं उभी आहेत.”

“उभी राहू देत. आम्ही उभं राहूनच जन्म काढला!” रांगेतून गालफुग्या ओरडला आणि सगळे हसले.

भावजय नवऱ्याच्या मागे येऊन थांबली होती. तिने नकळत मान हलवली; हो म्हणून की नको म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“फुंकणाऱ्यांचं कार्ड यातलंच एक असेल,” थोरली म्हणाली. “किंवा तुझ्या खिशातलं असेल. मला माहीत नाही. दोन नंबर मी ठोकून दिला.”

“ठोकून? तू? अगं, चिठ्ठी लावलीय त्याच्यावर! वाचून तर सांगायचं.”

थोरलीने चेहरा त्याच्यापासून वळवला आणि भट्टीकडे केला. नारिंगी उजेडाच्या कडेला तिला तो दिसला: कानापाशी पिकलेले चार केस, वडिलांसारखं नाक, उघडं राहिलेलं तोंड.

“तिला काही बोलू नकोस, तिने सगळं नीट आणलं होतं,” ती म्हणाली. “मला दिसत नाही रे. समोर धरलेलं काहीच दिसत नाही, किती दिवस झाले. तुझं तोंडसुद्धा मला, असं दुसरीकडे बघितलं तरच दिसतं.”